अर्धा गठ्ठा

तो गठ्ठा आम्ही दोघींनी वर्ध्याच्या बसस्टँडवर, आर्वीच्या गाडीची वाट पाहता पाहता, मधोमध फाडला. सव्वातीनशे पानं होती. ठिपक्यांच्या प्रिंटरवरचा तो लांबच लांब जोडकागद, दोन्ही काठांना भोकांच्या पट्ट्या असलेला, घड्या घालून कापडी पिशवीत कोंबलेला. एकीच्या घरी तो राहणार कसा? मी आर्वीच्या कापडदुकानदाराची मुलगी, रोज पास दाखवून येऊन-जाऊन करणारी. ती, माझी मैत्रीण, वर्ध्यातच मुलींच्या वसतिगृहात राहायची. दोघींनाही तो रोज हवा होता.

"कुठून फाडू?" मी विचारलं.

"फाड कुठूनबी. ज्याच्या वाट्याले जे येईन ते त्याचं," ती म्हणाली आणि माझ्या हातून ओढून तिनंच फाडला.

दोन हजार चार साल असेल. आम्ही कॉम्प्युटरच्या एका वर्षाच्या कोर्सला होतो. क्लासमध्ये दिवसाला एक तास मशीन मिळायचं, त्यातला अर्धा लोडशेडिंग खायचं. सर शिकवायचे ते सगळं सुटं-सुटं: हा बेरीज करणारा प्रोग्राम, हा नाव विचारून नमस्कार छापणारा प्रोग्राम. अख्खी वेबसाइट उभी कशी राहते, तिचे भाग एकमेकांना कसे धरून असतात, हे कोणी सांगेना. सरांना विचारलं तर सर म्हणाले, पुढच्या कोर्सला आहे. पुढचा कोर्स नागपूरला. घ्या आता!

ती मात्र हट्टी. म्हणायची, "बांधलेलं घर पायल्याबिगर घर बांधता येते काय? पयले दुसऱ्याचं पाहू." एका मासिकाबरोबर आलेली सीडी तिनं सरांकडून मागून घेतली. तिच्यावर परदेशातल्या कुणीकुणी मिळून लिहिलेला एक प्रोग्राम होता, चर्चेचा फळा. कुणी प्रश्न लिहायचा, दुसऱ्यांनी खाली उत्तरं लिहायची. ओपन सोर्स, म्हणजे लिहिणाऱ्यांनी सगळ्यांसाठी उघडा ठेवलेला. वाचा, बदला, वापरा. अट एवढीच की लिहिणाऱ्यांची नावं पुसायची नाहीत.

मशीनवर तासाभरात काय वाचून होणार? म्हणून एका शनिवारी सरांच्या हातापाया पडून आम्ही तो सगळाच्या सगळा छापून घेतला. प्रिंटर दुपारभर किरकिरत होता. सर म्हणाले, "बायांनो, माझी रिबिन खाल्ली तुम्ही!" आणि हसलेही.

फायली इंग्रजी अक्षरांच्या ओळीनं छापलेल्या होत्या. म्हणून फाडल्यावर वाटणी आपोआप झाली. पहिला अर्धा तिच्याकडे गेला. त्यात माहिती साठवणाऱ्या, शोधून काढणाऱ्या, डेटाबेसशी बोलणाऱ्या फायली होत्या. माझ्याकडे आली माणसांना दिसणारी पानं: लॉगिन, प्रश्न, उत्तरं, शोधा. मला आनंदच झाला. दुकानदाराची पोर मी, मला दर्शनी भाग बरा वाटायचा.

रोज संध्याकाळी पाचच्या गाडीआधी आम्ही स्टँडच्या बाकावर शिकवणी मांडायचो. नियम तिचा. मी व्हायचं माझी पानं, तिनं व्हायचं तिची. मी म्हणायची, "मले शेवटचे दहा प्रश्न दे." ती ढिम्म. कागदात नाक खुपसून बसलेली.

"अवं दे ना!"

"असं नाई मांगाचं. माह्या दारानं ये. कोणत्या नावानं हाक मारते तुह्यं पान मले, ते पाय पयले."

मग मी माझ्या पानावर बोट फिरवत शोधायची. तिथं खरंच एका फंक्शनचं, म्हणजे ठरावीक काम करून देणाऱ्या तुकड्याचं, नाव सापडायचं. ते उच्चारलं की बाईसाहेब प्रसन्न! मग ती आपल्या कागदावरून वाचून दाखवायची की या हाकेला आतमध्ये काय काय घडतं. सुरुवातीला मला हा निव्वळ आगाऊपणा वाटला. आठ-पंधरा दिवसांनी डोक्यात उजेड पडला. पानानं फक्त हाक मारायची. माहिती कुठल्या कप्प्यात आहे, कशी रचली आहे, याच्याशी त्याला मतलबच ठेवू द्यायचा नाही. उद्या आतले कप्पे बदलले तरी पानाला त्याचा पत्ता लागायला नको. पुस्तकात याला भारी भारी नावं होती. आम्ही त्याला 'दारानं येणं' म्हणायचो. मी घाईत कुठं आडवाटेनं डेटाबेसला हात घातला की ती ओरडायची, "खिडकीतून काऊन येऊन राह्यली वो? दार नाई काय?" स्टँडवरची माणसं वळून पाहायची.

आणखी एक तिचं ठरलेलं वाक्य होतं. "लोक काय लिहून धाडतीन त्याचा भरोसा नाई. पयले झाडून-झटकून घे, मंग घरात." आजही कुणाचा कच्चा कोड वाचताना हे वाक्य माझ्या तोंडून निघतं, आणि निघालं की त्या दिवशी मला जेवण गोड लागत नाही.

ती गोंड घरातली. आर्वीच्या पलीकडचं, जंगलाच्या काठाचं गाव. घरी ते त्यांची भाषा बोलायचे. कोडमध्ये अडली की ती स्वतःशीच त्या भाषेत पुटपुटायची. मला अक्षर कळायचं नाही, पण पुटपुट थांबली की समजायचं, सापडलं बाईला. सुट्टीत आमच्याकडे यायची. आई तिला चहा स्टीलच्या गिलासात द्यायची, आम्ही कपात प्यायचो. मला ते दिसत होतं का? दिसत होतं. बोलले का? नाही बोलले.

तिला त्या गठ्ठ्यातलं सगळ्यात काय आवडलं असेल तर प्रत्येक फायलीच्या डोक्यावरची नावं. फाइल कोणी लिहिली, नंतर कोणी सुधारली, सगळ्यांची नावं ओळीनं. एका फायलीत कुणीतरी फक्त एक ओळ दुरुस्त केली होती, आणि त्याचंही नाव होतं.

"माय वो!" ती म्हणाली. "एका ओळीवाल्याचंबी नाव ठेवलं याइनं."

तिनं ते पान मला दोनदा दाखवलं. आमच्याकडं मजूर विहीर खणतात आणि विहिरीवर नाव मालकाचं लागतं, तिच्या घरच्यांनी किती विहिरी खणल्या असतील कोण जाणे. मला तेव्हा एवढं सुचलं नाही. मी म्हटलं, "हो, चांगलंय," आणि गाडी लागली म्हणून पळाले.

वाचून झालं, आता बांधायचं. काय बांधायचं यावर मात्र वाद झाला नाही, कारण आमचं निम्मं आयुष्य एसटीत जात होतं. जिल्ह्यातल्या गाड्यांचं वेळापत्रक. कुठून कुठं जायचं ते लिहा, गाडी किती वाजता, कुठं बदलायची ते दिसेल, आणि खाली प्रवाशांनी लिहायचं, आज ही गाडी आलीच नाही म्हणून. रविवारी आम्ही वही घेऊन आर्वी, हिंगणघाट, समुद्रपूर फिरलो आणि भिंतींवरच्या रंगवलेल्या पाट्या उतरवून काढल्या. एका कंट्रोलरनं आम्हाला विचारलं, तुम्ही कोणत्या खात्याकडून? ती म्हणाली, "आमच्याच." 

गाडी आणि थांबे यांची मांडणी तिची. मी म्हणत होते, गाडीच्या ओळीतच पुढं सगळे थांबे लिहून टाकू, पहिला, दुसरा, तिसरा. ती तीन दिवस पुटपुटत राहिली. चौथ्या दिवशी बाकावर बसून म्हणाली, "एका गाडीले थांबे किती, हे आपल्याले आगुदर ठाऊक नसते. अन् एका थांब्यावर गाड्या किती, थेबी ठाऊक नसते. म्हणून गाड्याइचा एक, थांब्याइचा एक, अन् वरून तिसरा तक्ता लागन. कोणती गाडी, कोणता थांबा, कितवा नंबर. बस."  एवढं सोपं, आणि मला जन्मात सुचलं नसतं.

मग तिनं प्रत्येक फायलीच्या डोक्यावर आमची दोघींची नावं टाकली. जी फाइल जिनं लिहिली तिचं आधी, दुसरीचं खाली. एकही फाइल सोडली नाही.

दोन हजार पाचच्या उन्हाळ्यात नागपूरच्या एका छोट्या कंपनीनं क्लासकडे माणसं मागितली. सरांनी आमची दोघींची नावं दिली. माझ्या घरी तोवर बाबांनी सांगून टाकलं होतं, दिवाळीपर्यंत नोकरी लागली तर ठीक, नाहीतर स्थळ पाहायला मी मोकळा. तिच्या घरी तर पहिलीच शिकलेली तीच. धाकट्या दोन बहिणी तिच्या तोंडाकडं पाहत होत्या. नोकरी दोघींनाही हवी होती, तिला माझ्याहून जास्त. हे मला चांगलं ठाऊक होतं, हे आधीच सांगून टाकते.

मुलाखतीच्या दोन दिवस आधी तिच्या आईला सेवाग्रामच्या दवाखान्यात भरती केलं, पोटाचं ऑपरेशन. मुलाखतीच्या दिवशी ती सकाळीच स्टँडवर मला गाठायला आली. डोळे सुजलेले.

"तू जा. मी सोमवारी जाईन, सरनं फोन करून इचारून घेतलं. त्याइले सांगजो, दोघीचं हाय म्हणून. म्हणजे मले नव्यानं सांगा लागणार नाई."

"सांगते ना," मी म्हटलं.

गाडीत बसल्यावर माझ्या डोक्यात किडा शिरला. दोघींचं सांगितलं तर पहिला प्रश्न येणार, तुझं किती? आणि खरं उत्तर काय होतं? दर्शनी पानं माझी, पण सगळं ज्याच्यावर उभं होतं ते तिचं. तिचं जास्त होतं, आणि चांगलं होतं. मला भीती वाटली. दुसरं काही नाही, साधी, नागडी भीती. नागपूरला उतरल्यावर मी एका सायबर कॅफेत शिरले, फ्लॉपी घातली, शोधायच्या रकान्यात तिचं नाव लिहिलं, बदलायच्या रकान्यात काहीच लिहिलं नाही, आणि बटण दाबलं. चहा प्यायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही.

कंपनीच्या साहेबांनी पानं भराभर पाहिली आणि ते तक्त्यांवर येऊन थांबले. "हा तिसरा टेबल कशाला?"

मी म्हटलं, "एका गाडीला थांबे किती, हे आधी ठाऊक नसतं सर. आणि एका थांब्यावर गाड्या किती, तेही नसतं." तिचंच वाक्य, फक्त शुद्ध करून घेतलेलं.

साहेब खूश. "हे सगळं तूच केलंस?"

"हो सर."

आयत्या बिळावर नागोबा! सोमवारपासून ये म्हणाले.

सोमवारी अकराच्या सुमाराला ती आली. मी आत मशीनवर बसले होते, काचेतून दिसली. धुतलेला पंजाबी ड्रेस, वेणी घट्ट, हातात फ्लॉपीची डबी. चार रात्री दवाखान्यात काढलेल्या माणसाचा चेहरा होता तो. माझ्याकडं पाहून हसली. तिला वाटत होतं मी सांगून ठेवलंय. ती केबिनमध्ये गेली. थोड्या वेळानं साहेबांनी मला बोलावलं.

पडद्यावर आमचा प्रोग्राम उघडा होता. तिची प्रत. प्रत्येक फायलीवर दोन नावं.

साहेब मला म्हणाले, "ही म्हणते हे दोघींनी केलं. तुझ्या फायलींवर तर तुझं एकटीचं नाव आहे. हिनं तुझं घेऊन स्वतःचं नाव चिकटवलं की काय?"

खोटं बोलायचीही हिंमत लागते, आणि खरं बोलायचीही. माझ्याजवळ दोन्ही नव्हत्या. मी खाली फरशीकडं पाहत म्हटलं, "मदत केली सर हिनं."

मदत. एवढंच बोलले. साहेबांनी मान हलवली, समजलं म्हणून. तिला म्हणाले, बेटा, दुसऱ्याच्या कामावर नाव टाकू नये, शिकून घे आणि परत ये. चोर सोडून संन्याशाला सुळी, ते हे.  आगाऊ, भांडखोर, स्टँडवर ओरडणारी माझी मैत्रीण ती. तिनं मशीनमधून फ्लॉपी काढली, डबीत ठेवली, "येतो साहेब" म्हणाली आणि निघाली. मी तिच्यामागं जायला हवं होतं. मी जाऊन माझ्या खुर्चीवर बसले. खिडकीतून पाहिलं तर ती खाली पानवाल्याला स्टँडचा रस्ता विचारत होती.

मी चार वर्षं ती नोकरी केली. नाव कमावलं म्हणतात तसं थोडं कमावलंही. पण डेटाबेसचं काम आलं की मी काहीतरी कारण काढून दुसऱ्याला द्यायची. ती बाजू मी कधी शिकलेच नाही. कागद उघडून बसले की तिचा आवाज यायचा, खिडकीतून काऊन येऊन राह्यली वो. शिकणार कशी?

दोन हजार नऊमध्ये मला वाटलं, आता बस झालं. मी ठरवलं की तो गाड्यांचा प्रोग्राम सगळ्यांसाठी उघडा करायचा, इंटरनेटवर ठेवायचा, आणि वर दोन नावं टाकायची, तिचं पहिलं. पत्ता सरांकडून मिळाला. ती समुद्रपूरला होती, लग्न करून. एका खोलीत दोन कॉम्प्युटर टाकून लोकांचे अर्ज टाइप करून द्यायची, जमेल त्यांना शिकवायची.

मी एसटीनं गेले. तिनं मला दारात पाहिलं आणि म्हणाली, "ये." आधी समोरच्या म्हाताऱ्या बाईचा अर्ज पुरा केला, वाचून दाखवला, अंगठा घेतला. मग चहा मांडला. दोन सारखे कप काढले, एक माझ्यापुढं, एक स्वतःला. 

आईचं विचारलं. "त्याच सालात गेली," म्हणाली. बहिणी शिकल्या, एक नर्स आहे. मग मी मनातलं सगळं सांगितलं. रडले. माफ कर म्हटलं. प्रोग्राम उघडा करतेय, तुझं नाव पहिलं टाकते, म्हटलं.

तिनं कपाची कड पुसली.

"नको टाकू."

"काऊन?"

"लोक इचारतीन, हे कोण? तवा तू काय सांगशीन? मदत केली म्हणून?"

 ती उठली, कपाटाच्या वरच्या फळीवरून नाड्यानं बांधलेला जोडकागदाचा गठ्ठा काढला. पिवळा पडला होता, काठांच्या पट्ट्या कुरतडलेल्या. जागोजागी पेन्सिलीनं खुणा. एका पानाच्या कडेला लिहिलं होतं, 'हे तिले समजावून सांगा लागन.' गठ्ठा तिनं माझ्या मांडीवर ठेवला.

"घेऊन जा. मले पाठ झालं. तुह्यं अर्धंच राह्यलं हाय."

तेवढ्यात एक बाई दारातून डोकावली, हिंगणघाटची गाडी किती वाजता म्हणून. हिनं मागं न पाहता भिंतीकडं बोट केलं. "थे पाय, लावलं हाय." भिंतीवर छापील वेळापत्रक चिकटवलं होतं. आमच्याच प्रोग्राममधून निघालेलं, आमचीच मांडणी, माझंच पान. ती तो इतकी वर्षं चालवत होती, गाडी बदलली की वेळ बदलत होती. खाली बारीक अक्षरात नावांची रांग. कुणी कंडक्टर, कुणी कॉलेजची मुलगी, ज्यानं ज्यानं चुकलेली वेळ दाखवून दिली त्याचं नाव. आणि सगळ्यात वर दोन नावं होती. पहिलं तिचं. दुसरं माझं.

मी बोटानं ते दाखवलं. 

"पानं तुह्येच होते ना?" ती म्हणाली. "मंग? नाव काहाडाचं नसते वो. तेच तर शिकलो होतो आपून."

मग म्हणाली, "माह्यातलं तुह्यं राहीन. तुह्यात माह्यं नको."

प्रोग्राम मी नंतर उघडा केला. तिचं नाव टाकायची तिची मनाई, माझं टाकायला माझा हात धजला नाही. त्या फायलींच्या डोक्यावर आज काहीच लिहिलेलं नाही, आणि म्हणून या गोष्टीतही आमची नावं नाहीत.

पाच वाजून दहा मिनिटांची वर्ध्याची गाडी होती, तिच्या भिंतीवर लिहिल्याप्रमाणं. मी मांडीवर गठ्ठा धरून स्टँडवर बसले. गाडी वेळेवर आली.